पाळीचें घर

उन्हाळ्याची चाहूल लागली कीं हवापालटाचा विषय आमच्या घरांत हटकून निघतो. आम्ही एकंदर आठ माणसें: आई, थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां आणि दोन्ही बिऱ्हाडांचीं मिळून तीन मुलें. आठ माणसांच्या आठ तऱ्हा. कोणास समुद्र हवा, कोणास डोंगर. आईस मात्र जेथें सकाळीं देवळांत जातां येईल व रात्रीं मऊ भात मिळेल असें कोणतेंहि ठिकाण चालतें. वादविवाद होतो, कागदावर आंकडे मांडले जातात आणि बहुतेक वर्षीं मुलांच्या परीक्षा, बंधूंची रजा व गाडीचीं तिकिटें यांचा मेळ न बसल्यामुळें सर्व बेत पुढील वर्षावर जातो. यंदां हा विषय उन्हाळ्यापूर्वींच निघाला, आणि निघाला तोहि निराळ्याच वाटेनें.

आमच्या वडिलांचे चुलतबंधु अप्पाकाका जानेवारींत एका रविवारीं सकाळीं आले. त्यांचें वय बाहात्तर; काकू जाऊन तीन वर्षें झालीं; दोन्ही मुलगे परदेशीं स्थायिक. चहा झाल्यावर त्यांनीं पिशवींतून एक निळी फाइल काढून बंधूंपुढें ठेवली व म्हणाले, "हें तुम्ही घ्या. परक्याच्या हातीं जाण्यापेक्षां घरांत राहिलेलें बरें."

फाइलींत एका सुट्टीच्या क्लबाचें सभासदत्वपत्र होतें. २००९ सालीं पंचवीस वर्षांच्या मुदतीनें घेतलेलें. म्हणजे अजून आठ वर्षें शिल्लक. दर वर्षीं सात रात्री, क्लबाच्या निरनिराळ्या रिसॉर्टांपैकीं जेथें जागा असेल तेथें, चार माणसांच्या एका खोलीचा हक्क. काकांनीं त्या वेळीं तीन लाखांहून अधिक रक्कम मोजली होती. आतां एक लाख साठ हजारांस तें सभासदत्व ते आमच्या नांवें करून देऊं म्हणत होते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. परक्यानें आणलेला व्यवहार नाकारणें सोपें असतें. वडिलांच्या भावानें आणलेला व्यवहार नाकारतांना आंकड्यांच्या पलीकडचें पुष्कळ पाहावें लागतें.

ज्यास टाइमशेअर म्हणतात ती ही पद्धति मूळ युरोपांतील. १९६३ सालीं स्वित्झर्लंडांत निघालेली हापिमाग ही संस्था व त्याच दशकांत फ्रान्समधील आल्प्स पर्वतांत सुपरदेव्होल्युई येथें झालेला प्रयोग, हे तिचे आरंभ समजले जातात. एक घर वर्षभर एकाच कुटुंबास लागत नाहीं. तेव्हां वर्षाचे बावन्न आठवडे करून ते निरनिराळ्या कुटुंबांस विकावे, म्हणजे प्रत्येकास थोड्या पैशांत डोंगरावरील घर मिळेल, हा त्यांतील हिशेब. पुढें ती अमेरिकेंत गेली. एका गांवचा आठवडा दुसऱ्या गांवच्या आठवड्याशीं बदलून देणारी आर. सी. आय. ही संस्था तेथें १९७४ सालीं स्थापन झाली. भारतांत १९८६ सालीं स्टर्लिंग व १९९६ सालीं महिंद्र यांच्या संस्था निघाल्यावर मध्यमवर्गीय घरांतून हा शब्द ऐकूं येऊं लागला.

शब्द नवा असला तरी कल्पना आम्हां कोंकणच्या माणसांस नवी नाहीं. आमच्या मूळ गांवच्या घरीं गणपति पांच घरांचा मिळून एक. त्याची पाळी दर पांच वर्षांनीं येते. आगरांतील विहिरीच्या पाण्याची पाळी, सामाईक आंब्याची पाळी. आमच्या आजोबांचें निम्में आयुष्य पाळ्या सांभाळण्यांत व उरलेलें निम्में त्यांवरून भांडण्यांत गेलें. म्हणून बंधूंनीं काकांची फाइल वाचून जेव्हां म्हटलें, "म्हणजे हें पाळीचें घर झालें," तेव्हां आईस तें तत्काळ समजलें. तिनें एकच विचारलें, "मग आपल्याबरोबर पाळीकरी कोण कोण?" त्याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें. या घराचे पाळीकरी देशभर हजारोंनीं पसरलेले. एकानें दुसऱ्याचें तोंड पाहिलेलें नाहीं.

दोन दिवस चर्चा झाल्यावर वहिनींनीं तोड काढली. "घर घेण्याआधीं त्यांत राहून पाहावें. अप्पाकाकांनाच विचारा, त्यांच्या रात्री शिल्लक आहेत का?" शिल्लक होत्या. काकू गेल्यापासून काका कोठेंच गेले नव्हते. वर्गणी मात्र नेमानें भरीत आले होते. यंदांच्या सात व मागील दोन वर्षांच्या चौदा, अशा एकवीस रात्री त्यांच्या खात्यांत सांठल्या होत्या. त्यांतील सहा आम्हीं घेतल्या: फेब्रुवारींत महाबळेश्वरास शुक्रवार ते सोमवार, दोन खोल्या. काका प्रथम येण्यास तयार नव्हते. "तुम्ही जाऊन या, मीं सर्व पाहिलेलें आहे," असें म्हणूं लागले. आईनें त्यांस फोन करून सांगितलें, "भावोजी, घर दाखवायला घराचा मालक नको का?" तेव्हां आले.

पुण्याहून महाबळेश्वर सव्वाशें किलोमीटरांच्या आंत-बाहेर. खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरच्या फाट्यावर सातारा-रस्ता सोडला कीं वाई येते. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीचें तें भव्य देऊळ, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं जेथें विश्वकोशाचा संसार मांडला तें हें विद्येचें गांव. आईच्या आग्रहास्तव गणपतीचें दर्शन घेऊन, घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्हीं दशम्या व चटणी खाल्ली. पुढें पसरणीचा घाट चढतांना धोमच्या धरणाचें पाणी खालीं चकाकूं लागलें व मुलें खिडकीशीं भांडूं लागलीं. पांचगणी मागें पडली, रस्त्याच्या दुतर्फा स्ट्रॉबेरीचीं शेतें लागलीं आणि चारच्या सुमारास आम्ही मुक्कामीं पोंचलों.

जागा उत्तम होती, हें प्रथम प्रांजळपणें सांगावयास हवें. दरीच्या तोंडावर बांधलेल्या त्या इमारतींत प्रत्येक खोलीस सज्जा. आंत निजण्याची एक खोली, बाहेर बैठक व तेथें उलगडून पलंग होणारा कोच. स्वच्छता अशी कीं वहिनींनीं बोट फिरवून पाहिलें तरी धूळ लागली नाहीं. नऊ माणसांची सोय चार-चारांच्या दोन खोल्यांत लावतांना धाकट्यास जमिनीवर गादी घालावी लागली, पण त्यास तेंच आवडलें. ओट्यावर पाणी तापविण्याचें भांडें व अन्न गरम करण्याची पेटी होती. शेगडी नव्हती, व स्वयंपाक करण्यास मनाई असल्याची पाटी होती. आईनें ती पाटी दोनदां वाचली. त्या रात्रीं खालच्या भोजनगृहांत नऊ जणांच्या जेवणाचें बिल सहा हजार चारशें रुपये झालें. सज्ज्यांतून दिसणारी दरी फुकट होती. बिल पाहिल्यावर तिकडे थोडें अधिक वेळ पाहात बसावें असें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही क्षेत्र महाबळेश्वरास गेलों. गांवापासून हें सहा-सात किलोमीटरांवर. हवा खाण्यास येणारीं पुष्कळ माणसें पॉइंट व बाजार पाहून परत जातात. पण गांवास नांव देणारा देव येथें आहे. याच ठिकाणीं १६६५ च्या जानेवारींत शिवाजीमहाराजांनीं जिजाबाईंची व वृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. शेजारीं पंचगंगेचें मंदिर. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे प्रवाह दगडी ओवरीखालून येऊन एका गोमुखांतून कुंडांत पडतात. आईनें पाण्यास हात लावला व ती अप्पाकाकांस सांगूं लागली: वेण्णा माहुलीस कृष्णेला भेटते, कोयना कऱ्हाडला भेटते. "सावित्री तेवढी एकटीच पश्चिमेस गेली," ती म्हणाली.

काका थोडा वेळ पाण्याकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "गेली म्हणून आटली नाहीं, वहिनी. महाडचीं माणसें तिचेंच पाणी पितात."

दोन्ही मुलगे परदेशीं असलेल्या माणसाचें हें बोलणें ऐकून आईनें विषय बदलला व मुलांस तीर्थ दिलें.

दुपारीं वेण्णा तलावाकडे जातांना बंधूंनीं या गांवाचा इतिहास सांगितला. आजचें महाबळेश्वर ही इंग्रजी अमदानींतील वसाहत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून हा माथा १८२९ च्या सुमारास खंडाळा गांवाच्या बदल्यांत घेतला व माल्कमपेठ वसविली. तलाव पुढें १८४२ सालीं अप्पासाहेब महाराजांनीं बांधविला. सुमारें साडेचार हजार फूट उंचीवरील या थंड हवेसाठीं गोऱ्या अधिकाऱ्यांनीं बंगले बांधले. मागोमाग शेठ-सावकारांनीं बांधले. आमच्यासारख्या नोकरपेशाच्या घरांना बंगला कोठून असणार? आमच्या आधींच्या पिढीचा हवापालट म्हणजे ओळखीनें मिळालेलें सॅनिटोरियम, कोणा नातेवाइकाचें रिकामें घर, नाहींपेक्षां धर्मशाळा. बरोबर स्टोव्ह, तांदूळ व मेतकूट. डोंगरावर आपली म्हणून एक खोली असावी ही हौस त्या पिढीनें मनांत ठेवली, आणि टाइमशेअर विकणाऱ्यांनीं पुढील पिढीच्या मनांतून ती नेमकी हुडकून काढली.

अप्पाकाकांनीं तलावाच्या कांठीं कणसें खातांना आपली खरेदी कशी झाली तें सांगितलें. एका दुकानांत काकूंनीं बक्षिसाची चिठ्ठी भरली होती. आठवड्यानें फोन आला: बक्षीस लागलें आहे, उभयतांनीं अमुक हॉटेलांत यावें. तेथें तीन तास चित्रें दाखविलीं, चहा दिला, आणि "ही सवलत आजच्या दिवसापुरतीच" असें सांगितलें. काकांस घरीं येऊन विचार करावयाचा होता. पण काकूंच्या डोळ्यांसमोर त्या बर्फाच्या डोंगराचें चित्र होतें, म्हणून त्यांनीं सही केली. "आणि पश्चात्ताप झाला का?" आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें. काका म्हणाले, "नाहीं. तेरा वर्षांत अकरा वेळां गेलों. पैसे अडकले होते म्हणून गेलों. नाहीं तर हिला घेऊन मीं कोठें जाणार होतों? दर वर्षीं माझें कांहीं तरी काम निघालेंच असतें."

हें वाक्य आमच्या सर्वांच्या मनांत घर करून राहिलें. टाइमशेअरविरुद्ध बोलणारे बहुधा आंकडेच मांडतात. पण पैसे अडकल्यामुळें मनुष्य घराबाहेर पडतो हा त्याचा गुण खराच आहे. आमचे बेत दर वर्षीं पुढें ढकलले जातात, ते कांहीं केवळ पैशांअभावीं नव्हे.

त्या रात्रीं मुलें निजल्यावर बंधु कागद-पेन्सिल घेऊन बसले. किंमत एक लाख साठ हजार. सभासदाचें नांव बदलण्यासाठीं क्लबास द्यावयाचें शुल्क बत्तीस हजार. एकूण एक लाख ब्याण्णव हजार. आठ वर्षांवर वांटले तर वर्षास चोवीस हजार. त्यांत वार्षिक वर्गणी करासह अठ्ठावीस हजार. म्हणजे सात रात्रींचे बावन्न हजार, एका रात्रीचे सुमारें साडेसात हजार. पण ही एक खोली झाली. आम्ही माणसें आठ, आम्हांस खोल्या दोन. तेव्हां सात रात्रींच्या साडेतीन रात्री होतात व प्रत्येक रात्र पंधरा हजारांच्या घरांत जाते, जेवण निराळें. आणि काकांच्या पत्रांवरून दिसत होतें कीं वर्गणी जवळजवळ दर वर्षीं वाढत गेली आहे. त्याच दिवशीं बाजाराजवळच्या एका साध्या पण स्वच्छ हॉटेलांत विचारलें होतें. तेथें दोन्ही खोल्या मिळून नऊ हजार सांगितले.

दुसरी गोष्ट हंगामाची. अशा क्लबांत वर्षाचे भाग पाडून त्यांस रंगांचीं नांवें देतात. महाग रंगाच्या सभासदास गर्दीचे दिवस मिळतात, स्वस्त रंगाच्या सभासदास उरलेले. काकांचा रंग मधला. काका-काकूंस तो पुरला. दिवाळी व मे महिना त्यांत नव्हते, पण त्यांस शाळा कोठें होती? आमच्या मुलांना सुट्टी मिळते ती नेमकी दिवाळींत व मे महिन्यांत. म्हणजे पाळी आमची, पण देव्हाऱ्याची किल्ली दुसऱ्याकडे.

तिसरी गोष्ट मालकीची. अप्पाकाका "घर" म्हणत होते तरी कागदांत घर कोठेंच नव्हतें. ना जमीन, ना सातबाऱ्यावर नांव. ठराविक वर्षें ठराविक रात्री राहण्याचा परवाना, एवढेंच. मुदत संपली कीं तो संपला. वापरलेल्या मोटारीची किंमत जशी दर वर्षीं उतरते तशी याचीहि उतरते, आणि शिवाय या मोटारीस ती उभी असतांनाहि पेट्रोल लागतें.

आंकडे स्पष्ट होते. तरीहि बंधूंनीं पेन्सिल खालीं ठेवून विचारलें, "पण अप्पाकाकांना सांगावयाचें कसें?"

काका सज्ज्यांत बसले होते व त्यांनीं सर्व ऐकलें होतें. ते आंत येऊन खुर्चीवर बसले. "मला तुमच्या पैशांची गरज नाहीं रे," ते म्हणाले. "ही दर वर्षींची वर्गणी नको झाली आहे. भरली नाहीं तर व्याज चढतें, भरली तर चार माणसांची खोली एकट्यानें घ्यावी लागते." मग त्यांनीं आम्हांस ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. मागील वर्षीं एका इसमाचा फोन आला होता: तुमच्या सभासदत्वास गिऱ्हाईक तयार आहे, नोंदणीचे अठरा हजार आधीं पाठवा. काकांनीं पाठविले. त्यानंतर तो फोन कधींच लागला नाहीं. मुलांस कळविण्याची लाज वाटली. म्हणून कोणास बोलले नाहींत. वहिनी उठून त्यांच्यासाठीं दूध गरम करावयास गेल्या. आई म्हणाली, "भावोजी, हें त्याच दिवशीं येऊन सांगायचें होतेंत."

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं प्रश्न सभासदत्व घ्यावें कीं न घ्यावें हा नव्हताच. काकांचें ओझें उतरवावयाचें होतें, आणि तें उचलून आपल्या खांद्यावर घेणें हा त्याचा एकच मार्ग नव्हता. सोमवारीं निघण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून असें ठरविलें. सभासदत्व विकत घ्यावयाचें नाहीं. काकांच्या पंधरा रात्री उरल्या आहेत, त्या बुडण्यापूर्वीं काकांसह सर्वांनीं मिळून वापरावयाच्या. करारांत सभासदत्व परत करण्याचें कलम आहे. हातीं फारसें कांहीं पडत नाहीं, परंतु पुढील वर्गणी थांबते. त्याप्रमाणें अर्ज करावयाचा. रात्री संपल्यावर देण्याचा तो अर्ज परत येतांच बंधूंनीं काकांबरोबर बसून लिहून ठेवला आहे. अठरा हजारांची तक्रारहि पोलिसांच्या सायबर शाखेकडे नोंदविली आहे. पैसे परत येतील अशी फार आशा नाहीं, पण काकांचा संकोच गेला.

आमच्या वाचकांपैकीं कोणापुढें असा जुना हक्क विकत घेण्याचा प्रसंग आल्यास आमच्या अनुभवांतून चार शब्द सांगतों. मूळ करार व पत्र स्वतः वाचावें. विकणाऱ्याच्या स्मरणावर विसंबूं नये. वर्गणीची थकबाकी नसल्याचें क्लबाचें लेखी पत्र मागावें. नांव बदलण्याचें शुल्क किती, व बदलल्यावर मूळ सभासदाचे सर्व हक्क नव्या सभासदास मिळतात कीं कांहीं गळतात, हें लेखीच विचारावें. हंगामाचा रंग आपल्या मुलांच्या शाळेच्या सुट्टीशीं ताडून पाहावा, व खोलींतील माणसांची संख्या आपल्या घरच्या पानांच्या संख्येशीं. गिऱ्हाईक आणून देतों म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यास एक पैसाहि देऊं नये. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, व २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. उभयतांचेंच कुटुंब, शाळेची अडचण नाहीं, दर वर्षीं खात्रीनें जाणें होतें, आणि हक्क अगदीं स्वस्तांत मिळत आहे, अशांस हा व्यवहार परवडेलहि. अप्पाकाका-काकूंस तो लाभला, हें आम्हीं त्यांच्याच तोंडून ऐकलें आहे.

राहिला तो काकांचा मुद्दा: पैसे अडकले म्हणजे माणसें बाहेर पडतात. त्यावर वहिनींनीं उपाय काढला. बावन्न हजारांचे बारा भाग केले म्हणजे महिन्यास चार हजार तीनशेंच्या वर कांहीं रुपये होतात. तेवढी रक्कम पोस्टाच्या आवर्ती खात्यांत दरमहा टाकावयाची, व त्याचा उपयोग सर्वांनीं मिळून बाहेर जाण्याखेरीज कशासहि करावयाचा नाहीं. ठिकाण ठरविण्याचा हक्क पाळीनें: एका वर्षीं बंधूंकडे, एका वर्षीं आम्हांकडे, एका वर्षीं मुलांकडे. ज्याची पाळी त्याचा शब्द अखेरचा. बाकीच्यांनीं कुरकुर करावी, पण बॅग भरावी. या घराचे पाळीकरी एकमेकांस ओळखतात, भांडतातहि. तेवढ्या बाबतींत आजोबांच्या काळची व्यवस्था उजवी होती.

खातें मार्चच्या पहिल्या आठवड्यांत उघडलें. पुस्तकावर कोणाचें नांव घालावें यावर थोडी चर्चा झाली व शेवटीं आईचें घातलें. पहिली पाळी मात्र अप्पाकाकांना दिली. त्यांनीं आढेवेढे घेतले, मग वेळ मागून घेतला. परवां संध्याकाळीं आले होते तेव्हां मुलांनीं त्यांना घेरून ठिकाण विचारलें. त्यांनीं अजून सांगितलेलें नाहीं. "पाऊस संपूं दे," एवढेंच म्हणाले. पण जातांना आमच्या थोरल्याजवळची नकाशांची वही दोन दिवसांच्या बोलीनें मागून घेऊन गेले.